सरबतात बुडवलेला रुमाल

मी घाबरण्याचा पगार घेतो. रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत गेली वीस-बावीस वर्षं मी सेफ्टीत आहे. सेफ्टीतल्या माणसाचं काम एवढंच, की बाकीचे निवांत डबा खात असताना आपण त्यांच्या वतीनं घाबरायचं. पाइप गळला तर, शिडी घसरली तर, वारा फिरला तर. माझ्या हाताखालची पोरं माझ्यामागे सांगतात, की साहेब लग्नाला गेले तरी आधी बाहेरची वाट बघतात आणि मग नवरा-नवरी. हे खोटं आहे. मी आधी पाण्याचा नळ बघतो.

नळ का, तर आमचा नियम. तो मी इतक्या जणांना शिकवलाय की झोपेत म्हणून दाखवीन. सायरन झाला की हातातलं काम टाकायचं. रुमाल ओला करून नाकाला लावायचा. वारा येतोय त्याला आडवं जायचं. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं नाही. कुणाला शोधायला मागे फिरायचं नाही, थेट हिरव्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं. तिथे मोजणी होते. मोजणी पुरी झाली की एकसलग लांब भोंगा वाजतो, आणि तो वाजेपर्यंत हिरव्या पाटीखालून हलायचं नाही, बापानं बोलावलं तरी.

आम्ही वरसेला राहतो. कंपनीत दर आठवड्याला चाचणीचा भोंगा होतो तो घरी ऐकू येतो, म्हणून मी अंगणातल्या नारळाला एक हिरवी पाटी ठोकली आणि त्या भोंग्यावर घरच्यांचा सराव सुरू केला. चार माणसांची चित्रं, मधे बाण, सगळं स्वतः रंगवलेलं. माझ्या मते चित्रं चांगली होती. बायकोच्या मते ती चार बाटल्यांची होती. ती शाळेत शिकवते, दिवसभर घंटा ऐकून येते. घरी वर आणखी भोंगा नको असतो तिला. थोरला तेरा वर्षांचा, तो सरावाला कानात हेडफोन घालून यायचा आणि शेजारच्यांना मी त्याचा कुणी लागत नाही असं दाखवायचा. मनापासून यायची ती एकटी धाकटी. वय वर्षं सात. ओला रुमाल नाकावर, टाचा जुळलेल्या, नजर समोर. "बाबा, मोजा," म्हणायची. मी एक, दोन, तीन, चार म्हणायचो आणि मग ओठांचा चंबू करून लांब भोंगा वाजवायचो. तेव्हा कुठे ती हलायची.

मला तिचा फार अभिमान वाटायचा. बाकीच्या घराला हळूहळू काळजी वाटायला लागली.

आधी ती उशाशी ओला रुमाल घेऊन झोपायला लागली. मग शाळेत बाईंना विचारलं, की खिडकीला गज असताना आम्ही बाहेर कुठून पडायचं. मग एका बारशाला हॉलचं मागचं दार कुलूप लावलेलं दिसलं, तेव्हा ती जेवलीच नाही. पानावर बसून त्या कुलपाकडे बघत राहिली. जिलेबी तशीच. बायकोनं घरी येऊन पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, हे बालपण आहे की तुमच्या कंपनीची शिफ्ट?"

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत शहरात जायचं ठरलं. मॉल बघायचा, थोरल्याला बूट घ्यायचे आणि झकास हॉटेलात जेवायचं. अट एकच, आणि ती माझ्यासाठी. "एक दिवस," बायको म्हणाली. "एक दिवस तुमच्या तोंडून गॅस, आग, दार, जिना, काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये. बाहेर जेवायला बसल्यावर पोरीनं ताटाकडे बघावं, दाराकडे नाही. एवढंच हवंय मला."

मी शब्द दिला. तोंडाचा दिला. डोळ्यांबद्दल काही ठरलं नव्हतं.

गाडी बायको चालवते. मी शेजारी बसून पायानं ब्रेक मारतो, गाडीला तो लागत नाही एवढंच. पेणला सासूबाईंना घेतलं. त्यांचं घर खाडीकडच्या गावात. तरुणपणी मिठागरात डोक्यावर मीठ वाहिलेल्या बाई, अजून मान सरळ. त्या मागे दोन्ही नातवंडांच्या मधे बसल्या आणि पनवेल येईपर्यंत बोलत राहिल्या.

"आमच्या टायमाला पोर सांभालाला कोन होता?" त्या धाकटीला सांगत होत्या. "मिठागरात जायचं तर पोर बरोबर. एका बाजूला खाऱ्या पान्याची कोंडी, दुसऱ्या बाजूला खाडी. मग काय करायचं, पदराचं टोक पोराच्या कमरेला बांधायचं. पोर हलला का हिसका बसायचा. हिसका बसला म्हंजे पोर हाय."

"मला पण बांधलं होतंस?" बायकोनं आरशातून विचारलं.

"तुला नाय तर कोनाला? तू जाम पलकुटी होतीस गो."

थोरला म्हणाला, "आजी, याला हल्ली लोकेशन शेअर करणं म्हणतात." सासूबाई म्हणाल्या, "मंग तुमचा तो फोन हिसका देतो का?" थोरल्यानं हेडफोन परत कानात घातले. मी मनात म्हटलं, ही बाई सेफ्टीत हवी होती.

हॉटेल मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टपाशी धाकटी थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. ती विचारत नाही, बघते. नवीन काही आलं की आधी माझा चेहरा वाचते आणि मग घाबरायचं की नाही ते ठरवते. मी हसून मान हलवली. "चालेल. आज सुट्टी आहे." ती आत आली, पण तीन मजले होईपर्यंत तिनं माझ्या शर्टाची कड धरून ठेवली होती.

आत अंधुक उजेड, भिंतींवर रंगवलेल्या खिडक्या, त्यात रंगवलेला समुद्र. खऱ्या खिडक्या शून्य. धाकटीनं दाराकडे तोंड असलेली खुर्ची पकडली. बायकोनं ती खुर्ची उचलून समुद्राकडे फिरवली. मी तेवढ्यात डोळ्यांचं काम उरकून घेतलं: आलो ते काचेचं दार, स्वयंपाकघराचं झुलतं दार, आणि कोपऱ्यात पडद्यामागे अर्धवट झाकलेलं एक लोखंडी दार, वर पळणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र. तीन. मग मी नॅपकिन मांडीवर पसरला आणि जगातल्या कुठल्याही बापासारखा दिसायचा प्रयत्न करायला लागलो.

मेनू कागदाचा नव्हता. टेबलावरच्या चौकोनाचा फोनवर फोटो काढायचा. ते खातं थोरल्याकडे गेलं. त्यानं आजीला विचारलं, "आजी, तुला काय?" त्या म्हणाल्या, "मासली हाय का?" तो म्हणाला, "बासा आहे." "तो कुठल्या खाडीतला?" थोरल्यानं फोनमध्ये बराच वेळ शोधलं आणि म्हणाला, "आजी, तू पनीर खा."

त्यानं स्वतःला सिझलर मागवला. मला माहीत असतं तर मी त्याला बूट दोन जोड घेऊन दिले असते. पण वाढणारी मुलगी ती लाकडी फळी घेऊन आली तेव्हा उशीर झाला होता. तापलेल्या लोखंडावर चरचर, तडतड, आणि पुरुषभर धूर. धाकटीनं वळून माझ्याकडे पाहिलं. टेबलाखाली मी खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी धरली होती, आणि टेबलावर माझा चेहरा आधार कार्डावरच्या फोटोसारखा हसत होता.

तिनं तो फोटो नीट वाचला. आणि तिला तो पटला.

मग तिच्यापुढे चीज घातलेलं काहीतरी आलं. तिनं एक घास तोडला, चीजचा धागा निघाला, हात लांब नेला तरी तुटेना. ती उभी राहिली, हात डोक्यावर नेला, धागा तिथपर्यंत आला. "बाबा, बघा." ती हसत होती. आजीनं बोटानं तो धागा तोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला, तशी ती आणखी हसली. सगळं लक्ष ताटात. दार कुठे आहे हे तिला विचारलं असतं तर त्या क्षणी सांगता आलं नसतं. टेबलाखाली बायकोचा पाय माझ्या पायाला लागला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती लाथ नव्हती.

आता जे झालं ते सांगायच्या आधी एक कुत्रं सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका दुपारी एका जोडातून गॅस सुटला. थोडासाच. माणसांना काही झालं नाही, आम्ही वेळेत हललो. पण मी तो पाहिला. थंड गॅस हवेत वर जात नाही. पांढरा होतो, खाली उतरतो आणि जमिनीलगत सरपटत येतो, दुधासारखा, अजिबात आवाज न करता. गेटपाशी एक कुत्रं झोपलेलं असायचं, आम्ही त्याला पोळी घालायचो. माणसाच्या गुडघ्यापर्यंतच आलेल्या त्या पांढऱ्यात ते झोपलं होतं, आणि नंतर उठलं नाही. तेव्हापासून मी लहान मुलांची उंची बघतो. सगळ्यात आधी उंची.

तर आम्ही जेवत होतो, आणि दिवे गेले.

त्याच क्षणी कुठेतरी घंटा वाजायला लागली. जोरात, थांबत नाही अशी. शेजारच्या टेबलाकडे काहीतरी हललं, आणि त्या टेबलाच्या कडेवरून एक पांढरा पट्टा खाली ओघळला. जमिनीला टेकला. पसरला. आवाज न करता माझ्या पोरीच्या सँडलकडे यायला लागला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. थोरल्याच्या सांगण्याप्रमाणे मी ओरडलो, "गॅस. बाहेर. सगळे बाहेर. वाऱ्याला आडवे." त्या बंद, एसी लावलेल्या हॉटेलात वारा कुठला आणि आडवं कशाला, पण माझा आवाज कंपनीत टाक्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माइकशिवाय जातो. अर्धं हॉटेल उठलं. खुर्च्या पडल्या, काहीतरी फुटलं, कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. लोक काचेच्या दाराकडे धावले, कुणीतरी माझ्या पोटात कोपर मारलं. मी अंधारात टेबलावर हात फिरवत होतो, पोर उचलायला. हाताला गरम लोखंड लागलं.

दिवे आले.

शेजारच्या टेबलावर कागदी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ हातात चमचा घेऊन बसले होते. समोर मोठा वाडगा, त्यातून पांढरा धूर सांडत होता. वाढणारी मुलगी एका हातात पितळी घंटा धरून भिंतीला चिकटून उभी होती. "सर," ती म्हणाली, "आइस्क्रीम आहे. वाढदिवसाचं."

इतक्या लोकांसमोर इतकं मोठं मी आयुष्यात चुकलो नव्हतो. लाजायला सुरुवात करणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "ती कुठाय?"

समुद्राकडे तोंड केलेली खुर्ची रिकामी होती.

टेबलाखाली पाहिलं. शेजारच्या टेबलाखाली पाहिलं. मग मी पळालो, काचेच्या दारातून, सगळे गेले तिकडे. बाहेर शंभर माणसं, पिवळा फ्रॉक एकही नाही. नंतर एक दिसला, मी धावत जाऊन खांद्याला हात लावला, ती दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी होती आणि तिच्या आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरत नाही. बायको बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन एकेक दार ठोकून आली. थोरला खेळण्यांच्या दुकानात, मग खेळायच्या जागेत, मग परत. त्याच्या कानातले हेडफोन कधी पडले त्यालाही कळलं नाही. रखवालदार वॉकीटॉकीत बोलत होता, "बच्ची, सात साल, पीला फ्रॉक," आणि पलीकडून फक्त खरखर.

मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. तीन मजले खाली चकचकीत फरशी, आणि तिच्यावर मुंग्यांएवढी माणसं. सरकत्या जिन्यांचे दात दिसत होते. मला आयुष्यभराचं सगळं प्रशिक्षण आठवत होतं, फक्त ते सगळं उलटं: कुठे कुठे काय काय होऊ शकतं याची यादी. त्या यादीला मी कितीतरी वर्षं खतपाणी घातलेलं. ती आता माझ्यावर चालून येत होती, एकेक ओळ. मी पोरीचं नाव ओरडत होतो आणि माझा तो टाक्यांपलीकडे जाणारा आवाज मॉलच्या गाण्याखाली दबत होता.

पंधरा मिनिटं झाली असतील. आम्ही परत हॉटेलात आलो, ती परतली असेल या आशेनं. टेबलाशी एकट्या सासूबाई बसल्या होत्या, पाय खुर्चीवर घेऊन, पदर नाकाला लावून. त्या उठल्याच नव्हत्या.

"आई, तू इथेच?" बायको म्हणाली. "ती हरवलीय."

"हरवली कशी? त्या दारानं गेली ती." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तो हिरवा मानूस पलतो हाय ना, त्या दारानं."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलंव कुठं? सगले त्या काचेच्या दारानं धावलाव. मला वाटलं बापानं सांगितलं असंल तिला."

बापानं सांगितलं होतं. बायकोनं माझा दंड धरला. "अहो. तुम्ही तिला काय शिकवलंय ते म्हणा. पहिल्यापासून. म्हणा."

ज्या बाईनं मला त्या दिवसापुरती बोलायची बंदी केली होती तिच्यासमोर मी म्हणायला लागलो. हातातलं टाकायचं. रुमाल ओला करायचा. लिफ्ट नाही. मागे फिरायचं नाही. थेट हिरव्या

मी वाक्य पुरं केलं नाही. पडदा बाजूला करून त्या लोखंडी दाराला धडक दिली.

आत उघडा सिमेंटचा जिना. ट्यूबलाइट फडफडत होती. रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या, आणि प्रत्येक मजल्यावर तसंच एक बंद लोखंडी दार. मी खाली पळत होतो आणि मोजत होतो, सात वर्षांच्या पायांना या पायऱ्या किती उंच. दुसऱ्या मजल्यावर एका पायरीवर पाण्याचे थेंब दिसले. पुढे आणखी दोन. मी खाली वाकून बोट लावलं. चिकट होते. ते काय आहे हे वास घेऊन बघायची मला हिंमत झाली नाही. बायको मागे होती, तिला ते दिसू नये म्हणून मी त्यांच्यावर पाय ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, "चल लवकर."

तळाचं दार ढकललं आणि डोळे दिपले. मॉलची मागची बाजू. माल उतरवायची जागा. एक ट्रक मागे येत होता, पीप पीप करत, आणि त्याच्या मागे बघायला माणूस नव्हता. आमच्याकडे असा ट्रक मी आत सोडत नाही. ट्रकच्या चाकाशी काही नाही ना ते मी आधी पाहिलं. खरं सांगतो, पोरीचा चेहरा शोधायच्या आधी मी चाकं पाहिली.

"तिथे," थोरला म्हणाला.

जनरेटरच्या पलीकडे, दोन ट्रकच्या मधल्या फटीतून दिसत होतं. भिंतीला एक धुळकट हिरवी पाटी, चार माणसांचं चित्र, मधे बाण. खाली कुणी ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करत होता, कुणी टायरवर झोपलं होतं. त्या सगळ्यांच्या मधे पाटीच्या बरोबर खाली पिवळा फ्रॉक उभा होता. टाचा जुळलेल्या. रुमाल नाकावर. नजर समोर.

मी तिला उचलायला गेलो. तिनं एक पाऊल मागे घेतलं, पाठ भिंतीला लावली. रुमालाआडून म्हणाली, "बाबा, मोजा."

मी मोजलं. "एक, दोन, तीन, चार."

"आजी नाहीये."

"आजी वर आहे. बरी आहे ती."

"मग मोजणी पुरी नाही."

बायको काहीतरी बोलणार होती. मी हात केला. थोरल्याला वर पाठवलं. आमच्या तेरा वर्षांच्या पोरानं, ज्याचा मी कुणी लागत नव्हतो, तीन मजले धावत चढून आजीला आणली. लिफ्टनं नव्हे, त्यालाही नियम ठाऊक होता, हेडफोनमधून सगळं आत गेलेलं. तोपर्यंत आम्ही तिघं त्या पाटीखाली उभे. तिनं माझा हात धरला नाही, कारण सरावात आम्ही हात धरत नाही. मी किती वेळा सांगितलं होतं, उगाच घोळका करायचा नाही. जे जे मी सांगितलं होतं ते ते सगळं माझ्यासमोर उभं होतं, साडेतीन फूट उंच, आणि मला त्याची भीती वाटायला लागली. कंपनीत लोक माझं निम्मं ऐकतात, निम्मं हसण्यावारी नेतात, आणि त्यातून सगळं बरोबर होतं. मी सांगितलेलं कुणी पुरतं खरं मानेल याची मला सवयच नव्हती.

सासूबाई कठडा धरत धरत उतरल्या, गुडघ्यांना शिव्या देत. "मला मोजाला इतकी खाली?" म्हणाल्या. पण पोरीचं तोंड पाहून रांगेत उभ्या राहिल्या.

"एक, दोन, तीन, चार, पाच."

"आता भोंगा," ती म्हणाली.

मी आजूबाजूला पाहिलं. चार ड्रायव्हर, दोन हमाल, पळत पाठोपाठ आलेला रखवालदार. मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि लांब भोंगा वाजवला. एका श्वासात, एकसलग, जेवढा पुरेल तेवढा. चहा करणाऱ्यानं स्टोव्ह बारीक केला. टायरवरचा माणूस उठून बसला.

भोंगा संपला आणि ती मटकन खाली बसली. उभं राहायचं असतं म्हणून ती इतका वेळ उभी होती, बाकी पायांत काही उरलं नव्हतं. मग रडली. तिच्या नाकावरचा रुमाल मी काढला. ओला होता, आणि लिंबू सरबताचा वास येत होता. अंधारात हाताला लागला त्या पेल्यात तिनं तो बुडवला होता. सगळं नाक, गाल, हनुवटी चिकट. पायऱ्यांवरचे थेंब साखरेचे होते.

आम्ही वर जाऊन माफी मागितली. टोपीवाले गृहस्थ भले निघाले, म्हणाले, "पंचाहत्तर वर्षांत असा वाढदिवस झाला नव्हता." त्यांनी धाकटीला आइस्क्रीम देऊ केलं. तिनं धुराकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं देव जाणे. "नको," म्हणाली आणि आईच्या मागे लपली. तिचं चीज टेबलावर थंड होऊन पडलं होतं.

परतताना पनवेल मागे पडलं. मग मागून आवाज आला. "बाबा, मोजणारा पाटीखाली सगळ्यात आधी येतो ना?"

"हो."

"मग तुम्ही कुठे होतात?"

"तुला शोधत होतो."

"पण शोधायचं नसतं."

कंपनीत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही. बायको समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाबांना शोधावं लागतं." गिअर बदलत म्हणाली, "ते तुमच्या पाटीवर लिहायचं राहिलंय बहुतेक." अट मोडल्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

पेणला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि सगळे भुकेले होते. स्टँडजवळ एक साधं हॉटेल आहे. पुढून सगळं उघडं, वर पत्रा, खाली बाकं. धाकटी आत येऊन उभी राहिली, चारी बाजूंना पाहिलं. "इथे दारच नाही," म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही." हे बरं की वाईट, ते आमच्या दोघांच्याही ध्यानात येईना.

सासूबाईंनी बायकोच्या गळ्यातली ओढणी काढून घेतली. एक टोक पोरीच्या कमरेला गाठ मारून बांधलं. दुसरं टोक त्यांनी माझ्या मनगटाला बांधलं, चांगलं आवळून.

"आई, लोक बघतायत," बायको म्हणाली.

"बघूं देत. लोकांनी सकालपासून याच्यापेक्षा जास्त बघितलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, आता भोंगा नको न पाटी नको. हिसका बसला म्हंजे पोर हाय."

राइस प्लेटी आल्या. वरणभात, बटाट्याची भाजी, पोह्याचा पापड. ती सुरुवातीला दर घासाला ओढणी जराशी ओढून बघत होती. मी जरासा ओढून उत्तर देत होतो. मग तिची ओढ थांबली. मी दचकून पाहिलं, तर तिनं भाताला आळं केलं होतं, त्यात वरण ओतलं होतं आणि पापडाचा तुकडा होडीसारखा सोडला होता. तिचं सगळं डोकं ताटात होतं.

मी रस्त्याकडे बघत होतो. एसट्या वळत होत्या, कोपऱ्यावर गॅसची शेगडी होती, वर लोंबती वायर, आणि पलीकडे एक टेम्पो मागे येत होता, मागे बघायला माणूस नसताना. मी जरा उठलो, फक्त त्याला हात करायला. मनगटाला हिसका बसला.

"बाबा," ताटातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "बसा."